तहानलेली जेटफायर

सन्माननीय अध्यक्षा श्रीमती जॅनेट प्रुइट, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे जुने स्नेही श्री. ऑर्विल हॅसलबॅक, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची कन्या ग्वेन, लान्सिंगच्या जुन्या मोटारींच्या मंडळाचे सर्व सभासद, आणि त्या सभासदांचा हा छंद इतकी वर्षे निमूटपणे सोसणाऱ्या त्यांच्या घरच्या मंडळींनो,

निरोपाच्या सभेत चर्चच्या पाळकाला बोलायला उभे केले की श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात, हे मला ठाऊक आहे. त्यात जेवण अजून व्हायचे आहे. ऑलिव्ह घातलेल्या बर्गरांचा वास स्वयंपाकघरातून इथपर्यंत येतो आहे, आणि अध्यक्षांनी मघाशी माझ्या कानात सांगितले, "पाळकसाहेब, उपदेश रविवारी. आज फक्त ऑर्विल." मी ही आज्ञा पाळण्याचा प्रयत्न करीन. परंतु ऑर्विलविषयी बोलायचे म्हणजे त्याच्या गाडीविषयी बोलणे आले, आणि त्या गाडीविषयी बोलताना शास्त्र दूर ठेवणे मला तरी कधी साधलेले नाही.

ऑर्विल येत्या रविवारी आपल्या कन्येबरोबर ॲरिझोनाला कायमचा जातो आहे. त्याच्या डोळ्यांसमोर मध्यभागी एक धुरकट ठिपका आहे. जिकडे पाहावे तेच नेमके दिसत नाही, भोवतालचे मात्र दिसते. डॉक्टरांनी त्यापुढे हात टेकले आहेत. ग्वेनचे घर टूसॉनमध्ये आहे. तिने मला मोकळेपणाने सांगितले, "बाबांना खोली आहे, अंगण आहे. गॅरेज नाही हो. नुसतं एक पत्र्याचं छप्पर आहे, आणि त्याखाली माझी गाडी असते." तेव्हा ऑर्विल जातो आहे, गाडी राहते आहे. आपल्यापैकी बहुतेकांना एवढेच ठाऊक आहे. उरलेले सांगण्यासाठी मी उभा आहे. सत्कारमूर्तींना ते स्वतः सांगवत नाही.

येथे काही पाहुणे बाहेरगावचे आहेत, म्हणून थोडे मागे जातो.

माणूस श्वास घेतो आणि सोडतो. सोडलेल्या श्वासाचे पुढे काय होते, याचा विचार आपण करत नाही. इंजिनाचेही तसेच. त्याच्या धुराड्यातून जो तप्त वायू बाहेर पडतो, त्यात बरीच शक्ती वाया जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी एका स्विस अभियंत्याच्या मनात आले की या टाकलेल्या श्वासाने एक चाक फिरवावे, आणि त्या चाकाने पुढचा श्वास अधिक जोराने आत ढकलावा. मातीच्या पुतळ्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला गेला आणि तो जिवंत झाला, असे आपण मानतो. टर्बो नावाचे ते यंत्र म्हणजे त्याच कृतीची मानवाने केलेली लहानशी, धीट आणि बरीचशी उद्धट नक्कल. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे यंत्र पर्वतशिखरावर नेऊन विरळ हवेत तपासले गेले. पुढे ते विमानांना लागले, मग मोठ्या मालवाहू गाड्यांना. बावन्न साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत टर्बो लावलेली एक डिझेल गाडी सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली. साऱ्या मैदानाने तोंडात बोटे घातली. आणि मग काय झाले? इतर गाड्यांच्या टायरांचा रबरी चुरा त्या यंत्राने आत ओढला आणि ते गुदमरून बंद पडले. ज्याला अधिक श्वास हवा होता, तेच श्वासाअभावी गेले. यावर एक संपूर्ण उपदेश होऊ शकतो. मी तो करणार नाही, अध्यक्षा महोदया, आपण घड्याळाकडे पाहू नये.

बासष्ट साली या आपल्या शहरात जेटफायर नावाची मोटार तयार झाली. ऑर्विलची गाडी ती हीच. सर्वसामान्य ग्राहकाला विकायच्या मोटारीत टर्बो बसवण्याचा मान तिला आणि शिकागोच्या प्रदर्शनातल्या तिच्या एका चुलतबहिणीला, म्हणजे त्याच उद्योगसमूहाच्या दुसऱ्या गाडीला, असा जवळजवळ एकाच वेळी मिळाला. कोण काही आठवडे आधी आणि कोण नंतर, यावर या सभागृहात खुर्च्या उचलल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून त्या वादात शिरत नाही. इंजिन लहान, ॲल्युमिनियमचे, पण अंगात दुप्पट मोठ्या इंजिनाची ऐट. मी एकदा व्याख्यानाच्या भरात तिला बायबलातला, गोफणीच्या गोट्याने राक्षसाला लोळवणारा पोरगा दावीद म्हटले आणि ती मोठमोठी इंजिने म्हणजे तो राक्षस गल्याथ. त्यावर मागून क्लाइड वोझनियाकचा आवाज आला, "पाळकसाहेब, दावीदाच्या पिशवीत निदान गोटे होते! हिची बाटलीच रिकामी असते!"

क्लाइडला आपण सारे ओळखतो. सहासष्ट सालची लाल जीटीओ, ती मोठ्या इंजिनाची धडधडती मोटार, ज्याची आहे तो. आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वाढलेल्या दाबाने इंधन वेळेआधीच पेटून जेटफायरच्या पोटात ठोका बसू नये म्हणून तिला एक पेय लागत असे. निम्मे शुद्ध पाणी, निम्मे मद्यार्क, आणि गंज न चढावा म्हणून थोडे औषध. त्याची बाटली बॉनेटखाली होती, आणि ती मालकाने भरायची होती. बाटली रिकामी झाली की आतली एक झडप आपोआप मिटे, टर्बोचा जोर अडवला जाई, आणि गाडी आजारी म्हशीसारखी चालू लागे. कारखान्याने एवढी अक्कल वापरली होती की विसराळू मालकाच्या हातूनही इंजिन वाचावे. मालक बाटली भरील, एवढाच त्यांनी विश्वास ठेवला.

दहा कन्यांचा दृष्टांत आपल्याला ठाऊक आहे. पाच शहाण्या, पाच मूर्ख. दिवे सर्वांकडे होते, तेल पाचजणींकडेच. आमच्या शहरात मात्र हिशेब इतका उदार निघाला नाही; निम्म्या मालकांनीही बाटली भरली नाही.

ऑर्विल तेव्हा नुकता विशीत आलेला, एका मोटारविक्रेत्याच्या कार्यशाळेत कामाला. त्या विक्रेत्याचे दुकान आता नाही, नावही सांगण्याचे कारण नाही. त्याच्याकडे एक दंतवैद्य यायचे, डॉक्टर पेटिबोन. ते वाट्टेल तेव्हा गाडी आत घालून ओरडत, "पोरा, ही चढावर दम टाकते! पुन्हा!" ऑर्विल बॉनेट उघडी. बाटली कोरडी ठणठणीत.

"डॉक्टर, हिला तहान लागली आहे. मागच्या वेळी सांगितलं होतं ना?"

"मी गाडी घेतली आहे, गाय नव्हे! रोज उठून पाणी कोण पाजणार हिला?"

"रोज नाही हो. आपण पेट्रोल भरता तेव्हा नुसतं बघायचं."

"माझ्या बायकोनं भरलं होतं. काच धुण्याचं निळं पाणी होतं घरात, तेच ओतलं."

"डॉक्टर, त्यात साबण असतो."

"मग? आतून स्वच्छ होईल!"

ऑर्विलने हा किस्सा मला इतक्या वेळा सांगितला आहे की पेटिबोनसाहेबांचा आवाज मला माझ्या आजोबांच्या आवाजापेक्षा स्पष्ट आठवतो. आपण हसलात, बरे वाटले. कारण पुढचे हसण्यासारखे नाही. त्या गाडीला दुसरा श्वास देणारे यंत्र वाईट नव्हते. त्याला फक्त कोणीतरी लक्षात ठेवणारा हवा होता, आणि हा देश लक्षात ठेवण्याच्या कामाला पहिल्यापासून कच्चा. दोन वर्षांत दहा हजारांहून थोड्या कमी गाड्या बनल्या आणि उत्पादन थांबले. मग मालकांना सांगण्यात आले की तुम्हाला नको असेल तर टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून मिळेल. लोक रांगेने आले. आणि ते काढण्याचे काम आमच्या ऑर्विलच्या वाट्याला आले.

मी एकदा त्याला विचारले, "काढलेल्या यंत्रांचं काय केलंत?"

तो म्हणाला, "मागे पिंप होतं. त्यात टाकायचो. भरलं की भंगारवाला न्यायचा. कधी कधी आत पडताना ते चाक फिरत राहायचं पाळकसाहेब. हलकं होतं ना फार. पिंपात पडलेलं, आणि फिरतंय."

एव्हाना चौसष्ट साल उजाडले होते. मध्यम आकाराच्या गाडीत अमुक मापापेक्षा मोठे इंजिन घालू नये, असा समूहाच्या मोठ्या साहेबांचा नियम होता. काही हुशार मंडळींनी त्याला वळसा घातला. इंजिन गाडीत घातलेच नाही, ते 'हवे असल्यास मिळेल' अशा जोडसामानात दाखवले. ग्राहकांना ते हवेच होते, आणि अशी जीटीओ जन्मली. तिथून पुढे ज्याला त्याला मोठे, अधिक मोठे, अजून मोठे हवे झाले. क्लाइड ज्याला मोटारींचे सुवर्णयुग म्हणतो ते हेच. श्वास कसा घ्यावा याची कोणाला पर्वा राहिली नाही. छातीच एवढी मोठी करायची की प्रश्नच उरू नये. ते युगही टिकले नाही. आधी विम्याच्या कंपन्यांनी त्याचा गळा धरला, मग धुराच्या कायद्यांनी, मग तेलाच्या टंचाईने. स्वर्गाला टेकू पाहणारा बाबेलचा बुरूजही उंचीच्या हव्यासापायीच अर्धवट राहिला होता. आणि आज? आज रस्त्यावरच्या अर्ध्या लहान गाड्यांत टर्बो आहे. तो इतका शहाणा झाला आहे की मालकाला तो असल्याचा पत्ताही नसतो. जिने पहिली हाक दिली, तिला बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची पाटी वीस वर्षांपूर्वी निघाली. तिचा कारखाना जिथे होता, तिथे आता कुंपण आहे आणि कुंपणात गवत.

निवृत्त झाल्यावर ऑर्विल बदलला. ज्या हातांनी ती यंत्रे पिंपात टाकली, ते हात ती शोधायला निघाले. ओहायोतल्या भंगारखान्यांत, इंडियानातल्या शेतांवरच्या कोठारांत, मेलेल्या माणसांच्या मुलांच्या तळघरांत. कुठे नुसते कवच, कुठे नुसते चाक. त्यांतून त्याने आपल्या बासष्टच्या जेटफायरला तिचा श्वास परत दिला. आपल्या मंडळाच्या उन्हाळी फेरीत नदीकाठच्या रस्त्यावर तो पायाखालची कळ दाबायचा आणि बॉनेटखालून ती बारीक शिट्टी यायची. क्लाइडच्या जीटीओने खिडक्यांच्या काचा हादरत. ही शिट्टी कोणाची काच हादरवत नव्हती. तरी ती आली की सगळे बोलणे थांबवीत. क्लाइडसुद्धा. मग भानावर येऊन तो म्हणे, "आली बघा आगगाडी! डबे कुठायत रे, ऑर्विल?"

याच क्लाइडने पंधरा उन्हाळे त्याच्याकडे एक भीक मागितली आहे. "एकदा चालवू दे की. एकदाच. आतून कशी वाजते ते ऐकू दे."

आणि ऑर्विलचे उत्तर ठरलेले. "तुझा पाय जीटीओचा आहे. माझ्या गाडीवर गुरांचा पाय नको. मी कायमचा जाईन त्या दिवशी चालव."

गेल्या वर्षी डोळ्यांचे निदान झाले आणि ही थट्टा थट्टा राहिली नाही. ऑर्विलने गाडी मंडळाला देऊ केली. अध्यक्षांनी सभेत विचारले, एकदा नव्हे. कोण घेईल? कोण तिची बाटली पाहील? आपण सारे येथेच होतो. कोणाच्या गॅरेजात जागा नव्हती, कोणाच्या गुडघ्यांत बळ नव्हते. मी कोणालाही दोष देत नाही. या सभागृहातले सर्वांत तरुण सभासद मागच्या महिन्यात आजोबा झाले. अखेर ग्रँड रॅपिड्सचे एक गृहस्थ तयार झाले. सज्जन आहेत. त्यांना नातींना घेऊन रविवारी आइस्क्रीम खायला जायला एक देखणी जुनी गाडी हवी आहे. त्यांनी एकच अट घातली. "मला बाटल्या-बिटल्या जमणार नाहीत. किल्ली फिरवली की सुरू व्हायला हवी."

ऑर्विलला वाटत होते, त्यांना शिकवता येईल. आणि मग टर्बोचा जोर आवरणाऱ्या भागातला रबरी पडदा फाटला. तळहाताएवढा रबराचा तुकडा. ओहायोत एक माणूस ते घरी ओतून बनवत असे. तो वसंत ऋतूत वारला. ऑर्विलने जिथे जिथे विचारता येईल तिथे विचारले. नाही. कोणाकडेच नाही.

बंधुभगिनींनो, मी उभी हयात पुनरुत्थानाचा उपदेश केला. कोरड्या हाडांच्या खोऱ्यात वारा शिरला आणि हाडे उभी राहिली, हे मी मृत्युशय्येपाशी वाचले आहे, आणि ते खरे आहे असे मी मानतो. पण रबराविषयी मला तसे कोणतेही वचन दिलेले नाही. मी ऑर्विलकडे गेलो तेव्हा माझ्याजवळ त्याला द्यायला काहीही नव्हते.

ते आज सकाळचेच. त्याने मला दिवा धरायला बोलावले होते. मी पोहोचलो तेव्हा बॉनेट उघडे होते आणि तो टर्बोचे नटबोल्ट सोडत होता. डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून मान वळवून भिंतीकडे पाहत, केवळ बोटांनी. कामाच्या टेबलावर एक साधा कार्ब्युरेटर तयार ठेवलेला.

मी म्हटले, "ऑर्विल, हे तू स्वतः करायला हवं असं नाही."

तो म्हणाला, "दुसरा कोण करील? आता हे काढता येणारा मीच राहिलो आहे, पाळकसाहेब."

तेवढ्यात क्लाइड आला. धुतलेली टोपी, नवा सदरा. आजच्या दिवसासाठी तो नटून आला होता. आज तो ती गाडी चालवणार होता. त्याने टेबल पाहिले, बॉनेटखाली पाहिले.

मग तो म्हणाला, "आज? अरे, आजच?"

"उद्या ते गृहस्थ यायचे आहेत. त्यांच्यासमोर किल्लीला सुरू झाली पाहिजे."

"मग उद्या पहाटे काढ की! संध्याकाळी मला एक फेरी मारू दे. पडदा फाटलाय तर फाटलाय. पुलापर्यंत जाऊन येतो. एका फेरीनं काय होतंय?"

ऑर्विलने हात थांबवले नाहीत. "एका फेरीनंच होतं, क्लाइड. जोर आवरायला काही नाही आता तिथं. इंजिन फुटेल. मग त्या माणसाला मी काय विकू, भंगार?"

"मी हळू चालवीन."

"हळू चालवलंस तर वाजणार नाही. मग उपयोग काय?"

क्लाइडने टोपी काढली, परत घातली. "मग मी कशाला चालवू?"

"कारण मला दिसत नाही, गाढवा."

 मी दिवा धरून उभा होतो. ऑर्विलने शेवटचा बोल्ट काढला, यंत्र दोन्ही हातांत घेतले आणि सवयीने मागे वळला. मागे पिंप नव्हते. क्षणभर तो तसाच उभा राहिला, कुठे ठेवावे ते न कळून. क्लाइडने ते त्याच्या हातून घेतले आणि जमिनीवर, भिंतीशी ठेवले. चाक थोडे फिरले. आम्ही तिघांनी ते थांबेपर्यंत पाहिले. म्हणजे दोघांनी पाहिले. ऑर्विलने विचारले, "थांबलं का?" क्लाइड म्हणाला, "थांबलं." आणि त्यांनी कार्ब्युरेटर चढवायला घेतला.

मी एवढा वेळ का घेतला, ते आता सांगतो. आपल्या मंडळाची एक रीत आहे, पाहुण्यांसाठी सांगतो. निरोप घेणाऱ्या सभासदाची गाडी जेवणानंतर एकदा पुलापर्यंत जाऊन येते आणि आपण सारे रस्त्याच्या कडेला उभे राहतो. आज गाडी क्लाइड चालवील, ऑर्विल त्याच्या शेजारी बसेल. पुलाच्या अलीकडे, जिथे ती नेहमी वाजायची, तिथे आपण सारे सवयीने कान देऊ. मी आपणास विनंती करण्यासाठी उभा आहे, की तिथे कोणी कान देऊन थांबू नये. कोणी एकमेकांकडे पाहू नये. परत आल्यावर कोणी बॉनेट उघडायला सांगू नये. ऑर्विलला आपले चेहरे दिसणार नाहीत, पण मधेच बोलणे थांबले तर ते त्याला ऐकू येईल. तेव्हा कृपया बोलत राहा. हवापाण्याविषयी बोला, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ कधी पडायला लागणार त्याविषयी बोला, मनात येईल ते बोला. ती साधी गाडी साध्या गाडीसारखी जाऊ द्या.

मला या समारंभात बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, ज्यांनी सभागृह दिले त्या कामगार संघटनेचे, स्वयंपाकघरात खपणाऱ्या भगिनींचे, आणि इतकी वर्षे बापाला उसने दिल्याबद्दल ग्वेनचे मी मनापासून आभार मानतो. ऑर्विल, प्रभू तुझ्या प्रवासात तुझ्यासोबत असो. तिथे ऊन फार आहे असे म्हणतात. टोपी विसरू नकोस.

वृद्ध माणसाच्या बोलण्यात काही अधिकउणे आले असेल, एखादे साल चुकले असेल, एखाद्या जाणकाराच्या लाडक्या गाडीचा मान राखला गेला नसेल, तर ती उणीव माझी आहे, ती पोटात घालावी. आणि क्लाइड, किल्ली फिरवल्यावर ती एका झटक्यात सुरू होईल. तेव्हा जरा मोठ्याने म्हण, की काम चोख झाले आहे.